अर्धा कॅन

तुटलेलं कॅरिअर हातात आलं की मी आधी त्याचं तुटलेलं तोंड बघतो. एका झटक्यात तुटलं असेल तर तोंड सगळीकडे सारखंच चकचकीत असतं. तसं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा अर्धाअधिक भाग तपकिरी, गंजलेला असतो आणि कडेचा थोडासाच भाग ताजा, पांढरा. म्हणजे चीर कधीचीच गेली होती, तिच्यात पाणी शिरत होतं, आणि गाडीवर बसलेल्याला पत्ता नव्हता. गिऱ्हाईक सांगतं, "काल खड्ड्यात आपटली आणि तुटलं बघा." मी मान डोलावतो. लोखंड वेगळंच सांगत असतं.

वालीवला माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. एका बाजूला प्लास्टिकच्या पिशव्या बनतात, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके, समोर भंगारवाला. रोजचं काम म्हणजे मशीनचे स्टँड, गोदामाचे रॅक, खिडक्यांच्या जाळ्या. मोटरसायकलची कॅरिअर हे शुक्रवारचं काम. आमच्या वसईच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. आजूबाजूची शटर बंद, टेम्पोची ये-जा कमी, कुणी डोक्यावर उभं नाही. अशा दिवशी पाइप वाकवायला मजा येते. कारण हे काम घाईत होत नाही. पाइप घाईने वाकवला की कोपऱ्यात चपटा होतो, आणि चपटा झालेला कोपरा पुढे कुठेतरी दगा देतो. पूर्वी माझ्याकडे बेंडर नव्हता तेव्हा पाइपात वाळू ठासून भरायचो, दोन्ही तोंडं बंद करायचो आणि तापवून वाकवायचो. आत वाळू असली की पाइप चपटा होत नाही.

पहिलं कॅरिअर मी लडाखला जाणाऱ्या कुणासाठी केलं नाही. ते एका दूधवाल्याच्या एम-८० साठी होतं. गोखिवऱ्याकडच्या तबेल्यातून पहाटे दूध घेऊन निघायचे ते. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. चाळीस लिटरचे दोन कॅन, दोन बाजूंना एकेक. दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर, कॅनचं वेगळं. एम-८० सारख्या किरकोळ गाडीवर हा भार घेऊन काका वालीव-सातिवलीच्या खड्ड्यांतून असे जायचे की कॅनच्या झाकणाला ओल लागायची नाही. मी त्यांना एक देखणं कॅरिअर करून दिलं. कॅन सीटच्या उंचीला, चढवा-उतरवायला सोपे. काकांनी बघितलं, गाडी नुसती डाव्या-उजव्या बाजूला कलवली आणि म्हणाले, "खाली घे. पायाच्या घोट्यापर्यंत खाली घे."

मी खाली घेतलं. तेव्हा कारण कळलं नव्हतं, फक्त काम बदलून दिलं. कारण पुढे उमगलं. वजन वर असलं की गाडी कलताना ते तिला आणखी ओढतं. खाली असलं तर कमी ओढतं. आणि मागे ठेवलं तर आणखी वेगळा त्रास. माझ्या बुलेटच्या दोन चाकांत साधारण एक मीटर सदतीस सेंटिमीटर अंतर असतं. मागच्या एक्सलच्या फूटभर मागे पंधरा किलोची बॅग बांधा. मागच्या चाकावर पंधरा नाही, अठरा किलो पडतात. वरचे तीन पुढच्या चाकावरून उचलले गेलेले असतात. घाटात चढावर हँडल हलकं लागतं, गाडी वळणाबाहेर जाते, आणि माणूस टायरला नाहीतर रस्त्याला शिव्या देतो.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. परतीच्या वेळी कधी दूध उरलं तर ते दोन्ही कॅनमध्ये सारखं वाटायचे आणि वरून पेंढ्याची एक जुडी कॅनच्या गळ्यात कोंबायचे. मला ते गलिच्छ वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "भरलेला कॅन गपचूप बसतो. अर्धा कॅन नाचतो. तो नाचला की मी पडतो." पेंढा दुधाला नाचू देत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दुधाच्या कॅनवर पेंढा पाहिलेल्यांनी तो कशाला, हे कदाचित कधी विचारलं नसेल. मीही काकांनी सांगेपर्यंत विचारलं नव्हतं.

काकांचं ते अर्ध्या कॅनचं वाक्य मी विसरलो. त्याची किंमत पुढे मोजली, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. गणपतीला गावी जाणं चुकत नाही. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, खासगी बसवाले त्या दिवसांत वाटेल ते भाडं मागतात, म्हणून गेली कित्येक वर्षं मी बुलेटनेच जातो. वालीवहून घोडबंदर, ठाणे, पनवेल करत कणकवली साडेचारशे किलोमीटरच्या वर. जाताना सामान माझ्या हातात असतं, मोजकं असतं. येताना ते आईच्या हातात जातं. दोन्ही वेळी तीच बॅग, तेच कॅरिअर, पण गाडी वेगळी वागते. परतीला उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं आणि नारळ. नारळांचं काय करायचं, हा प्रश्न बांधणाऱ्याला विचारा. गोल वस्तू कुठल्याच दोरीला दाद देत नाही. गोणीत भरून मागे बांधले तर प्रत्येक खड्ड्याला आतल्या आत जागा बदलतात, गोणीचा आकार बदलतो, दोरी सैल पडते.

"इतके नारळ खंय बांधतलंस रे?" आई विचारायची आणि विचारता विचारता आणखी दोन टाकायची.

मग मी एक युक्ती काढली. गोणी मध्यभागी पिळून बांधायची, म्हणजे तिचे दोन भाग होतात, आणि सीटवर खोगिरासारखी टाकायची. दोन्हीकडे सारखे नारळ. मोकळ्या जागांत कपडे नाहीतर वर्तमानपत्राचे बोळे ठासायचे, म्हणजे नारळ हलत नाहीत. वरून जुन्या ट्यूबची पट्टी. बाजारात मिळणारी हुकाची रबरं मी वापरत नाही. त्यांचा हुक हळूहळू सरळ होतो, आणि सुटला तर डोळ्याच्या उंचीला उडतो. पंक्चरवाल्याकडून फुकटात मिळालेली ट्यूब कापली की दोन बोटं रुंदीची पट्टी निघते. ती ताणून गाठ मारली की सामान चार इंच सरकलं तरी पट्टी त्याला सोडत नाही.

पट्टीबद्दल मी अजूनही याच मताचा आहे. कॅरिअरबद्दलचं मत बदलावं लागलं.

२०१६ च्या गणपतीत मी असेच नारळ घेऊन आलो. महामार्गाचं काम चालू होतं, रस्ता काय होता ते त्या वर्षी गेलेल्यांना सांगायला नको. घरी पोचलो, सामान उतरवलं, कॅरिअर धुतलं. ठीक दिसलं. आणि पुढच्या वर्षी लडाखला जायचं ठरलं तेव्हा गाड्या बांधणाऱ्याची गाडी शोभली पाहिजे म्हणून ते कॅरिअर काढलं, घासलं आणि पावडर कोटिंगला पाठवलं. काळंभोर, नव्यासारखं होऊन आलं.

जुलै २०१७. आम्ही तिघं. गाड्या रेल्वेने चंदिगडला पाठवल्या आणि तिथून पुढे चालवत गेलो. वांद्रे टर्मिनसला गाडी पार्सल करताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून टाकावं लागतं, कागदपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात आणि गाडीला गोणपाटात गुंडाळावं लागतं. तिथे बसलेले बांधणारे हे काम ज्या वेगाने करतात ते बघण्यासारखं आहे. हँडलला पुठ्ठा, टाकीला पेंढा, वरून गोणपाट, सुतळीचे टाके. पेंढा बघून काकांची आठवण यायला हवी होती. आली नाही. मी त्यांच्या सुईकडे बघत बसलो होतो.

सामानाची वाटणी मी मनापासून केली होती. जड ते खाली आणि पुढे. हत्यारं, सुटे भाग, साखळीची जोडकडी, प्लग, सगळं टाकीजवळच्या पिशवीत. क्लचची जादा केबल पिशवीत ठेवायची नसते. ती चालू केबलच्या शेजारून नेऊन तिथेच बांधून ठेवायची. तुटली की दोन टोकं जोडायची, काम संपलं. कपडे शेजारच्या गाळ्यातून आणलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत. एका दिवसाचे कपडे एका पिशवीत, पिशवीवर बसून हवा काढायची आणि तोंड बांधायचं. बॅगेवर घालायच्या रेनकव्हरवर माझा विश्वास नाही. ते वरचं पाणी अडवतं आणि खालून आलेलं साठवून ठेवतं. रेनकोट मात्र सगळ्यांच्या वर, कारण पाऊस कधी बॅग उपसायला वेळ देत नाही. जीन्स एकच, तीही अंगावर. भिजलेली जीन्स लडाखच्या उन्हातही चटकन वाळत नाही, आणि ओली असेपर्यंत ती कपडा नसते, ओझं असते.

मागे दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पाटी वाचली की प्रत्येक जण घाबरून दुप्पट पेट्रोल घेतो. आम्हीही घेतलं. खरं म्हणजे बुलेटची टाकी साडेतेरा लिटरची. घाटात ॲव्हरेज कितीही पडलं तरी एक कॅन पुरला असता. दुसरा कॅन पाटीच्या भीतीने भरलेला होता.

बारालाचा ला ओलांडून सरचूला पोचलो तेव्हा मला वाटलं, कॅरिअरवरचं ओझं हलकं करावं. डाव्या कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतायला घेतलं. टांडीपासून सव्वाशे किलोमीटरही झाले नव्हते. टाकीत अडीच-तीन लिटर मावलं आणि टाकी काठोकाठ भरली. डावा कॅन अर्धा राहिला. तसाच परत बांधला. उजवा भरलेला, डावा अर्धा. बोटं गारठली होती, गाठ पहिल्यासारखी बसली नाही. आणि प्लास्टिकचा कॅन भरलेला असतो तेव्हा टणक असतो. अर्धा झाला की दाबला जातो, पट्टी ताणलेली दिसते पण धरत नाही.

सरचूच्या पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकी ला, मग लाचुंग ला. तिथून पांगपर्यंतचा रस्ता त्या वर्षी रस्ता म्हणण्याजोगा नव्हता. माझ्या कानांवर डावीकडून ठक-ठक येत होतं. हेल्मेटच्या आत, सोळा हजार फुटांवर, ते आपल्याच डोक्यातलं वाटतं. पांगला तंबूपाशी थांबलो, उतरलो, आणि कॅरिअरची डावी बाजू शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टाजवळ तुटून लोंबकळताना दिसली. कॅन खालच्या पट्टीला अडकून होता. सायलेन्सर दुसऱ्या बाजूला होता, हे आमचं नशीब.

कॅरिअर वजनाने तुटत नाही. घट्ट बांधलेलं वजन गाडीबरोबर वर जातं, गाडीबरोबर खाली येतं. सैल बांधलेलं वजन गाडी खाली आली तरी वरच असतं, आणि मग मागून येऊन आदळतं. दोनेक किलोचा अर्धा कॅन दर खड्ड्याला हातोडा होतो. हे मला माहीत होतं. एका एम-८०वाल्याने सांगितलेलं होतं.

पांगला वेल्डिंग कुठलं मिळणार. टायर काढायचा लिव्हर तुटलेल्या जागेवर आडवा ठेवला, बाइंडिंग वायरचे वेढे पानाने पिळून घट्ट केले, वरून ट्यूबची पट्टी. हाड मोडल्यावर बांबूची कामटी बांधतात तसं. डाव्या बाजूचं सामान दोन मित्रांच्या गाड्यांवर वाटलं. त्यातला एक जण गप्प बसला, दुसरा मोरे प्लेन्स संपेपर्यंत बडबडत होता, आणि त्याचं बरोबर होतं. कॅरिअर बनवणारा मी, आणि सामान वाहणारा तो.

लेहच्या बाजाराच्या मागच्या बाजूला एका बिहारी वेल्डरकडे गेलो. त्याच्याकडे साधं आर्क मशीन होतं. तेवढं पुरे होतं, कारण कॅरिअर साध्या लोखंडाचं होतं. गिऱ्हाईक हल्ली ॲल्युमिनियमचं मागतात, हलकं म्हणून. हलकं खरंच असतं. पण ॲल्युमिनियम जोडायला वेगळं मशीन, वेगळा गॅस, वेगळा हात लागतो, आणि तो प्रत्येक गावात नसतो. लोखंड कुठल्याही नाक्यावर जोडून मिळतं. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला मी लोखंडच देतो, मग तो मला जुनाट म्हणो.

त्याने तार सोडली, लिव्हर काढला आणि तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं. मीही बघितलं. अर्धा भाग तपकिरी होता.

लडाखच्या कोरड्या हवेत चोवीस तासांत लोखंड असं गंजत नाही. तो गंज पावसाचा होता. कोकणातला. २०१६ च्या नारळांच्या फेरीत चीर गेली होती, आणि मी ती शोधली नव्हती. तिच्यावर पावडर कोटिंगचा जाड, सुंदर काळा थर चढवून तिला वालीवहून लडाखला आणलं होतं. अर्ध्या कॅनने फक्त उरलेलं काम केलं.

"ये किसने बनाया है?" वेल्डरने विचारलं.

"उधर मुंबई साइड में किसी ने," मी म्हणालो.

"वेल्डिंग ठीक है उसका," तो म्हणाला. "पर रंग के नीचे तो पहले से टूटा था."

माझे मित्र दोन पावलांवर उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही. त्या उपकाराची परतफेड म्हणून दोघांची कॅरिअर मी पुढे फुकट करून दिली.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे गाळ्यात लटकलेली, रंगवून तयार ठेवलेली चार कॅरिअर खाली उतरवली. वेल्डिंगच्या कडेचा रंग घासून काढला आणि भिंगाने बघितलं. त्यांत काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून नवं कॅरिअर मी रंगवून देत नाही. तेलाचा हात मारून कोरंच देतो. चीर गेली तर कोऱ्या लोखंडावर ती बारीक तांबूस रेघ होऊन दिसते. काही जणांना राग येतो. एवढे पैसे घेऊन गंजकं सामान देता काय, असं एकाने तोंडावर विचारलं. मी त्याला तुंगारेश्वरच्या कच्च्या रस्त्याने एकदा जाऊन यायला सांगितलं. सातिवलीहून देवळाकडे जाणारी ती वाट आमची तपासणीची जागा आहे. ओढे आडवे येतात, दगड आहेत. लेहला जायच्या आधी तिथे सामानासकट जाऊन यावं. पाच-सहाशे किलोमीटर चालवून परत आणलं की बोल्ट तपासतो, वेल्डिंगच्या कडा बघतो, मग रंग.

लॉकडाउननंतर घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलांची गर्दी झाली. २०२० मध्ये केंद्राने मोटरसायकलवरच्या डब्याचं मापही ठरवून दिलं: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत, आणि डबा मागच्या सीटच्या जागी असेल तर गाडीवर एकटा चालक. त्या मुलांचं काम वेगळं. त्यांचं सामान दर तासाला बदलतं, एकेका घरी उतरत जातं, म्हणजे त्यांचा कॅन कायम अर्धाच. त्यांना मी डब्याच्या आत आडवी फळी सरकवायची खाच करून देतो, उरलेलं सामान एका कोपऱ्यात दाबून धरायला. तोही पेंढाच, फक्त प्लायवूडचा.

काका पुढे गावी निघून गेले. त्यांची एम-८० भंगारात गेली तेव्हा कॅरिअर समोरच्या भंगारवाल्याकडेच आलं. मी ते वजनाच्या भावाने परत घेतलं. गाळ्यात आहे. वीस वर्षांत त्याचं एकही वेल्डिंग सुटलेलं नाही. त्यात माझ्या हातापेक्षा त्यांच्या बांधण्याचा वाटा मोठा आहे, हे आता मी मोकळेपणी सांगतो.

तेव्हा कॅरिअर करून घ्यायचं असेल तर शुक्रवारी या. रिकामी गाडी आणि मोबाइलमधला फोटो घेऊन येऊ नका. प्रवासाला नेणार आहात ते सगळं सामान भरून, बांधून आणा. आधी समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवू, मग माप घेऊ. रंगाचं नंतर बघू.